ट्रॅकर वाटले, पुढे काय? सिंगापूरच्या ‘ट्रिप्पा’ चाचणीचा प्रकरण अभ्यास

कर्मचाऱ्यांना फिटनेस ट्रॅकर वाटणाऱ्या कंपनीत वर्षाच्या शेवटी एचआरकडून एक स्लाइड हमखास येते. आडव्या अक्षावर महिने, उभ्या अक्षावर सरासरी पावलं आणि डावीकडून उजवीकडे चढत गेलेली रेघ. टाळ्या पडतात, पुढच्या वर्षाचं बजेट मंजूर होतं. आकडे खोटे नसतात. तरीही त्या रेघेवरून कर्मचाऱ्यांची तब्येत सुधारली की नाही हे कळत नाही. बरेचदा ते जास्त चालायला लागले की नाही, हेसुद्धा कळत नाही.

असं का होतं हे ज्याला नीट समजून घ्यायचं आहे त्याने सिंगापूरमधली एक चाचणी बारकाईने वाचावी. ‘ट्रिप्पा’ हे तिचं लघुनाव. ड्यूक-एनयूएस मेडिकल स्कूलमधले आरोग्य-अर्थशास्त्रज्ञ एरिक फिंकलस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती केली, पैसा सिंगापूरच्या आरोग्य मंत्रालयाचा होता आणि निष्कर्ष २०१६ साली ‘द लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रिनॉलॉजी’ या नियतकालिकात आले. तेव्हा बातम्यांमध्ये ‘ट्रॅकरचा आरोग्याला उपयोग नाही’ एवढाच मथळा गाजला. मूळ निकाल त्याहून गुंतागुंतीचा आहे, आणि कंपनीत असा कार्यक्रम चालवणाऱ्याला त्या गुंतागुंतीचाच उपयोग जास्त.

मांडणी

जून २०१३ ते ऑगस्ट २०१४ या काळात तेरा संस्थांमधले ८०० नोकरदार चाचणीत घेतले गेले. अटी साध्या होत्या: पूर्णवेळ नोकरी, वय २१ ते ६५, इंग्रजी येणं, सलग दहा पावलं चालता येणं आणि गर्भवती नसणं. तंदुरुस्त, हौशी मंडळीच यावीत अशी चाळणी नव्हती, हे बरं झालं. मात्र पूर्णवेळ नोकरी आणि इंग्रजी या दोन अटींमुळे निकाल कोणत्या वर्गाला लागू पडणार हेही तिथेच ठरून गेलं. गोदामात दिवसभर ओझी वाहणाऱ्याला किंवा यंत्रापाशी आठ तास उभं राहणाऱ्याला ‘जास्त चाला’ हा सल्ला मुळात कितपत लागू आहे, हा प्रश्न या चाचणीच्या कक्षेत येत नाही.

या आठशे जणांचे संगणकाने सोडत काढून चार गट केले, प्रत्येकात साधारण दोनशे. पहिल्या गटाला यंत्र नाही, बक्षीस नाही. हा तुलना गट. दुसऱ्याला फक्त ट्रॅकर. तिसऱ्याला ट्रॅकर आणि पावलांवर बक्षीस, पण बक्षिसाची रक्कम धर्मादाय संस्थेला. चौथ्याला ट्रॅकर आणि बक्षीस रोख, स्वतःच्या खिशात. आठवड्याला ५० हजार ते ७० हजार पावलं झाली तर १५ सिंगापूर डॉलर, ७० हजारांच्या वर गेली तर ३०. सहा महिने हे चालणार, मग बक्षिसं बंद, आणि आणखी सहा महिन्यांनी सगळ्यांची पुन्हा मोजणी.

यंत्र होतं फिटबिट झिप. आजच्या मनगटी घड्याळांच्या तुलनेत अगदीच गरीब: अंगठ्याएवढं, कमरपट्ट्याला किंवा खिशाला क्लिपने अडकवायचं, छोट्या पडद्यावर पावलांचा आकडा. नाडीचे ठोके मोजत नाही. बटणाएवढ्या सेलवर काही महिने चालतं. माझ्या मते ही निवड चाचणीच्या पथ्यावर पडली. ‘रोज चार्ज करायचा कंटाळा आला म्हणून सोडलं’ ही सबब इथे उरतच नाही. ज्यांनी ते वापरणं सोडलं त्यांनी दुसऱ्या कशामुळे तरी सोडलं.

बक्षिसाच्या उंबरठ्यांबद्दल थोडं. आठवड्याला ७० हजार म्हणजे रोज दहा हजार. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ साली यामासा या जपानी कंपनीने ‘मानपो-केई’ नावाचा पावलं मोजायचा मीटर बाजारात आणला, त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मीटर’. पुढे २०१९ साली आय-मिन ली यांच्या गटाने १६,७४१ वयस्कर अमेरिकन स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा रोजच्या साधारण ७,५०० पावलांपर्यंत मृत्यूचा धोका कमी होत गेलेला दिसला आणि त्यापुढे तो जवळपास सपाट झाला. अर्थात ट्रिप्पाची आखणी झाली तेव्हा हे निष्कर्ष हाती नव्हते. तरी उंबरठ्यावर पैसे देण्याची एक अडचण उरतेच. रोज तीन हजार पावलं चालणाऱ्याने साडेचार हजारांवर मजल मारली तर त्याला काहीच मिळत नाही, आणि रोज साडेदहा हजार चालणाऱ्याला काहीही न बदलता तीस डॉलर मिळतात. ज्याला ढकलण्याची गरज सर्वात जास्त, त्याच्यापर्यंत हे बक्षीस पोहोचतच नाही.

मोजणारं यंत्र वेगळं, वाटलेलं वेगळं

या चाचणीतली सर्वात शहाणपणाची गोष्ट बातम्यांमध्ये कुठेच आली नाही. लोकांना वाटलेल्या फिटबिटवरून निकाल काढलाच नाही. निकालासाठी चारही गटांतल्या सगळ्यांना ठरावीक वेळी एक वेगळा, सीलबंद ॲक्सेलरोमीटर लावायला दिला. त्यावर घालणाऱ्याला काहीच दिसत नाही. हालचाल नोंदवली जाते, बस्स. थर्मामीटर आणि औषध एकाच कुपीत नसावं, तसंच हे. वाटलेला ट्रॅकर हा इथे औषध आहे. तोच मापक म्हणून वापरला तर ज्यांना तो दिला नाही त्यांचं काहीच कळत नाही, आणि ज्यांनी तो काढून ठेवला ते हिशेबातून गायब होतात.

गायब होण्याचा परिणाम किती मोठा असू शकतो ते एका काल्पनिक गणितावरून पाहा. दहा जणांना यंत्रं दिली. पाच जण मुळातच रोज ९,००० पावलं चालणारे, पाच जण ४,०००. पहिल्या महिन्याची सरासरी ६,५००. सहाव्या महिन्यापर्यंत कमी चालणाऱ्यांपैकी चौघांनी यंत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. डॅशबोर्डवर आता सहाच जण आहेत आणि त्यांची सरासरी ८,१६७. पंचवीस टक्क्यांच्या वर वाढ दिसते, आणि एकाही माणसाने एकही पाऊल जास्त टाकलेलं नाही. सुरुवातीला सांगितलेली ती चढती रेघ बरेचदा अशीच चढते. यंत्र आधी सोडणारे बहुधा कमी चालणारेच असतात, त्यामुळे ही चूक दर वेळी कार्यक्रमाच्या बाजूनेच झुकते.

ट्रिप्पात गळती कमी नव्हती. पहिल्या सहा महिन्यांत सुमारे चाळीस टक्के लोकांनी फिटबिट वापरणं सोडलं, आणि वर्ष संपताना ते वापरणारे जेमतेम दहा टक्के उरले होते. पण विश्लेषण करताना सोडलेल्यांनाही ज्या गटात सोडतीने टाकलं त्याच गटात धरलं. कंपनीच्या दृष्टीनेही हेच बरोबर आहे. यंत्राचे पैसे आठशेंपैकी सहाशे जणांवर खर्च झाले, तर परिणामही सहाशे जणांवर मोजायचा; त्यातल्या उत्साही साठांवर नव्हे.

सहा महिन्यांचा निकाल

मुख्य माप होतं आठवड्यातली मध्यम ते जोमदार हालचालीची मिनिटं, आणि तीही तुटक नव्हे तर सलग टप्प्यांत झालेली. म्हणजे टेबलापासून प्रिंटरपर्यंतच्या फेऱ्या यात धरल्या जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची तेव्हाची शिफारसही अशीच होती: आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, प्रत्येक टप्पा किमान दहा मिनिटांचा. दहा मिनिटांची ही अट २०२० च्या शिफारशीत काढून टाकली गेली. त्यामुळे आज हीच चाचणी कोणी केली तर मापच वेगळं निवडेल.

तुलना गटापेक्षा रोख बक्षिसाचा गट आठवड्याला २९ मिनिटं पुढे होता, धर्मादाय बक्षिसाचा २१ मिनिटं आणि फक्त ट्रॅकरवाला १६ मिनिटं. पहिले दोन फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरले, म्हणजे ते निव्वळ योगायोगाने दिसले असावेत असं मानणं अवघड; तिसरा उतरला नाही. इथे घाईघाईने ‘रोख पैसे चालतात, नुसता ट्रॅकर चालत नाही’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. पण आकड्यांच्या दोन्ही बाजूंची अनिश्चितता बघा. खरा फरक ज्या दरम्यान असू शकतो तो पल्ला रोख गटाचा १० ते ४७ मिनिटं, नुसत्या ट्रॅकरचा उणे २ ते ३५. दोन्ही पल्ले एकमेकांवर चांगलेच चढलेले आहेत. थेट तुलना केली तेव्हा रोख गट आणि ट्रॅकर गट यांच्यातला फरक सिद्ध झाला नाही. एक फरक कसोटीला उतरला आणि दुसरा उतरला नाही, म्हणून त्या दोघांत फरक आहे असं होत नाही. हा मुद्दा अभ्यासकही विसरतात, मग मासिक अहवाल लिहिणाऱ्याला काय दोष द्यायचा!

वर्षाचा निकाल

बक्षिसं बंद होऊन सहा महिने झाल्यावर चित्र पालटलं. तुलना गटाच्या पुढे आता सर्वात जास्त होता तो नुसत्या ट्रॅकरचा गट: ३७ मिनिटं. धर्मादाय गट ३२. रोख पैशांचा गट १५ वर आला, आणि तो फरक कसोटीला उतरला नाही. रोख गट आणि ट्रॅकर गट यांची थेट तुलना केली तर रोख गट २३ मिनिटांनी मागे. म्हणजे पैसे देऊन मग काढून घेणं हे मुळात पैसे न देण्यापेक्षा वाईट ठरलं.

मानसशास्त्रात याची जुनी ओळख आहे. एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली कोडी सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. ज्यांना कोडी सोडवायचे पैसे मिळाले त्यांचा पैसे थांबल्यावर कोड्यांतला रस कमी झाला. ट्रिप्पातही तसंच झालं असेल: चालणं ‘माझ्यासाठी’ होतं ते ‘तीस डॉलरसाठी’ झालं, आणि डॉलर गेल्यावर कारणही गेलं. संशोधकांनी स्वतः काढलेला निष्कर्ष जास्त कोरडा आणि म्हणून जास्त कामाचा आहे: बक्षीस द्यायचंच असेल तर ते दीर्घकाळ चालू ठेवावं लागेल. सहा महिन्यांचं बजेट हातात असलेल्या कंपनीने रोख बक्षिसाच्या वाटेला जाऊच नये, असं माझं मत आहे.

आता ३७ मिनिटं या आकड्याकडे परत बघू, कारण त्यात एक मेख आहे. नुसता ट्रॅकर घेतलेले लोक वर्षाच्या शेवटी सुरुवातीपेक्षा ३७ मिनिटं जास्त चालत होते, असा त्याचा अर्थ नाही. वर्षभरात तुलना गटाची हालचाल घटली. ट्रॅकर गटाची तशी घटली नाही. अंतर पडलं त्यात मोठा वाटा त्या घसरणीचा आहे. ट्रॅकरने लोकांना वर चढवलं नाही, घसरू दिलं नाही.

हे कंपनीच्या डॅशबोर्डवर कसं दिसलं असतं? सहा महिन्यांनी रोख बक्षिसाचा कार्यक्रम जोरात दिसला असता आणि मुदतवाढीची मागणी झाली असती. वर्षाने ट्रॅकरच्या आकड्यांत ना वाढ दिसली असती ना काही. ‘उपयोग नाही’ म्हणून यंत्रं परत गेली असती. दोन्ही निर्णय चुकले असते, एक जास्त आशेने आणि दुसरा जास्त निराशेने. या दोन चुकांपासून वाचवलं ते दोनशे लोकांच्या त्या गटाने, ज्याला काहीच दिलं नव्हतं. यंत्र कितीही महागडं असलं तरी ते हे काम करू शकत नाही.

एक कोडं मात्र उरतं. वर्षाच्या शेवटी यंत्र वापरणारे दहाच टक्के होते, मग अंतर कसं टिकलं? एक शक्यता अशी की पहिल्या काही महिन्यांत लोकांना ‘माझ्या दिवसात चालणं किती’ याचा अंदाज आला आणि मग यंत्राची गरज उरली नाही. तसं असेल तर यंत्र सोडणं हे अपयश नसून शिकून झाल्याची खूण ठरते, आणि ‘सक्रिय वापरकर्ते किती’ हा प्रत्येक विक्रेत्याच्या अहवालातला लाडका आकडा निरर्थक ठरतो. मला ही शक्यता पटते. पण बक्षिसाच्या गटांतही लोक तेवढंच शिकले असणार, तरी रोख गट मागे पडलाच; तेव्हा नुसत्या ‘शिकण्या’वर सगळं भागत नाही.

आणि आरोग्य?

वजन, वरचा रक्तदाब, हृदय-फुप्फुसांची क्षमता, जीवनमानाबद्दल लोकांनी स्वतः दिलेली उत्तरं. यातल्या कशातही, कुठल्याही गटात, सहा महिन्यांनी वा वर्षाने सुधारणा आढळली नाही.

आठवड्याला २९ मिनिटं म्हणजे रोज चार मिनिटांच्या आसपास. एवढ्याने वजन हलावं ही अपेक्षाच जास्त होती. त्याच सुमारास, सप्टेंबर २०१६ मध्ये, ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात जॉन जॅकिसिक यांच्या गटाची दोन वर्षांची चाचणी आली होती. वजन कमी करू पाहणाऱ्या तरुणांपैकी ज्यांना अंगावरचं यंत्र दिलं त्यांचं सरासरी ३.५ किलो वजन उतरलं, आणि ज्यांना ते दिलं नाही त्यांचं ५.९ किलो. यंत्र दिलेले मागे राहिले! ते का, यावर बरीच चर्चा झाली. एवढं मात्र दोन्हीकडून दिसतं की मोजमाप आणि तब्येत यांच्यात बऱ्याच पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर परिणाम थोडा थोडा गळतो.

सिंगापूर सरकारने मात्र पावलांचा नाद सोडला नाही. २०१५ सालीच तिथल्या हेल्थ प्रमोशन बोर्डाने ‘नॅशनल स्टेप्स चॅलेंज’ सुरू केलं होतं, ट्रॅकर वाटले होते आणि पावलांवर बक्षिसंही ठेवली होती. सरकारकडे निदान वर्षानुवर्षं कार्यक्रम चालवायची ताकद असते, आणि ट्रिप्पाने दाखवलेली अडचण नेमकी बक्षीस थांबण्याची आहे. एखाद्या कंपनीला ती ऐपत नसते.

आपल्या ऑफिसात हे किती लागू पडतं

पहिली गोष्ट आकाराची. एका गटात दोनशे माणसं असूनही ट्रिप्पाला २९ आणि १६ मिनिटांतला फरक वेगळा करून दाखवता आला नाही. साठ-सत्तर जणांच्या ऑफिसने दोन योजनांपैकी कोणती सरस हे आपल्या डेटावरून ठरवायला बसू नये. त्या आकड्यांत ते दिसणारच नाही. मोठ्या कंपनीने मात्र एक सोपी गोष्ट करावी. यंत्रं सगळ्यांना एकदम वाटू नयेत. विभागांची सोडत काढून अर्ध्यांना आत्ता आणि अर्ध्यांना सहा महिन्यांनी द्यावीत. कोणावर अन्याय होत नाही आणि फुकटात तुलना गट मिळतो. दोन्ही अर्ध्यांची मोजणी सुरुवातीला आणि सहा महिन्यांनी एकाच वेगळ्या मापकाने करावी.

दुसरी गोष्ट, बदल कुणी करायचा. ट्रिप्पात माणसांना हालवायचा प्रयत्न झाला. काम होतं तसंच राहिलं. खरं तर ट्रॅकरचा एकत्रित डेटा कामाबद्दलही बरंच सांगतो. सकाळी दहा ते एक अख्खा मजला जागचा हलत नसेल तर त्याचं कारण साठ माणसांचा आळस हे नसतं, सलग लावलेल्या मीटिंग असतात. पाळ्यांच्या आठवड्यात झोपेच्या नोंदी कोसळत असतील तर पाळ्यांचं वेळापत्रक बघायला हवं. असे बदल व्यवस्थापनाच्या हातात असतात, त्यांना बक्षीस लागत नाही आणि सहा महिन्यांनी ते आपोआप संपतही नाहीत.

तिसरी गोष्ट जास्त नाजूक. ट्रिप्पातला डेटा संशोधकांकडे होता आणि लोक आपणहून आले होते. नोकरी देणाराच डेटा बघणार असेल तर सगळं बदलतं. युरोपातल्या डेटा संरक्षण यंत्रणांच्या गटाने २०१७ मध्येच मत दिलं होतं की कर्मचाऱ्याची अशा बाबतीतली संमती मोकळेपणाने दिलेली मानता येत नाही. मालकाला ‘नाही’ म्हणणं सोपं नसतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात शिक्षकांचा संप झाला. पगार आणि विम्याचा खर्च ही त्यामागची मुख्य कारणं, पण सरकारी विमा योजनेने ‘गो३६५’ हे आरोग्याचं ॲप आणलं आणि त्यात भाग न घेणाऱ्यांना महिना २५ डॉलर जादा भरायला लावायचं ठरवलं, हेही रागाचं एक कारण होतं. योजना ऐच्छिक करावी लागली.

म्हणून यंत्रं मागवण्याआधी लेखी ठरवून ठेवायच्या गोष्टी थोड्याच आहेत. एकट्या माणसाचा आकडा त्याच्या साहेबाला कधीही दिसणार नाही. यंत्र न घेतल्याची नोंद कुठेही राहणार नाही. कुठला आकडा कितीने बदलला नाही तर कार्यक्रम बंद करायचा, हे पहिल्या दिवशीच ठरेल. आणि लहान टीमची सरासरी वेगळी दाखवली जाणार नाही. आठ जणांच्या टीममध्ये आकडा घसरला की त्या महिन्यात कोणाचं ऑपरेशन झालं होतं हे बाकीच्या सातही जणांना माहीत असतं.